समुद्र कोन्या हाताले?

जेवणाच्या टेबलावर महाराष्ट्राचा नकाशा पसरला होता. गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या होत्या: मिठाची बरणी, चष्म्याचं घर, आईची पोथी आणि एक संत्रं. संत्रं राहून राहून घरंगळत वर्ध्यापाशी येत होतं. नागपूरहून दुचाकीने समुद्रापर्यंत जाऊन यायचं, तेरा दिवसांत, पण कोणत्या वाटेने, यावरून मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त नकाशावर ओणवे होऊन तासाभरापासून भांडत होतो. आई बाजूच्या खुर्चीत वाती वळत बसली होती. तिला ऐकू कमी येतं अशी आमची समजूत आहे. ही समजूत तिच्या फार सोयीची आहे.

दोस्ताचं म्हणणं सरळ होतं. मुंबईकडून उतरायचं, अलिबागला समुद्र धरायचा आणि खाली खाली गोव्यापर्यंत जायचं. "शेवट गोव्यातच पायजे बे. तेरा दिवस गाडी हाणून श्रीवर्धनात शेवट केला, असं सांगतं का कोणी ऑफिसात?" माझं नेमकं उलटं होतं. आधी दक्षिणेकडे सरकायचं, कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला समुद्र गाठायचा आणि मग किनाऱ्याने वर यायचं. का, ते मात्र नीट सांगता येत नव्हतं. मुद्दे होते, पण ते सगळे मागाहून सुचलेले.

तेवढ्यात आईने विचारलं, "पन समुद्र कोन्या हाताले राहीन रे तुह्या?"

दोघंही गप्प झालो. मी नकाशावर बोट ठेवलं. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. अलिबागहून गोव्याकडे जायचं तर समुद्र उजव्या हाताला, म्हणजे मध्ये समोरून येणारे ट्रक, मग त्यांची धूळ, मग समुद्र. वेंगुर्ल्याहून वर निघालं तर तो डावीकडे, आपल्याच बाजूला. थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडायला नको, नुसता स्टँड लावला की झालं.

"डाव्या," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

"आन समुद्राचे दिवस किती?"

मी मोजले. वेंगुर्ल्यानंतर मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, हर्णै, श्रीवर्धन. "सहा."

तिने मान हलवली आणि पुढची वात घेतली. दोस्ताने एकदा नकाशाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही त्याच्याच आई आहात," तो म्हणाला. पण गोवा त्या संध्याकाळी सुटला.

खरं तर नागपूरकराला मुंबईकडे जायला आता रस्त्याची ददात नाही. समृद्धी महामार्ग इथूनच सुरू होतो, ७०१ किलोमीटरचा, जेवणाच्या डब्यासारखा स्वच्छ. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. माझ्यासारख्या दीडशे सीसीवाल्याला त्या रस्त्याच्या पुलाखालून जाण्याइतकाच त्याचा उपयोग. सुरुवातीला याचा राग यायचा. मग नकाशा घेऊन बसलो, बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर असा जुना-नवा रस्ता पेन्सिलीने काढला, आणि त्या रेघेला छेदणाऱ्या निळ्या रेघा मोजता मोजता राग कुठे गेला ते कळलं नाही.

निळ्या रेघा हा माझा धंदा आहे. पाटबंधारे खात्यात मी आरेखक. लागलो तेव्हा ट्रेसिंग क्लॉथ आणि शाईचं पेन होतं, आता संगणक आहे, पुढच्या जूनमध्ये निवृत्ती आहे. या सगळ्या काळात मी जे काढत आलो ते एकच: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. नदी शीटच्या कडेला पोचली की तिथे बारीकसा बाण काढायचा आणि बाणापाशी लिहायचं, 'कन्हान नदीकडे', 'वैनगंगेकडे'. पुढचं शीट दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसाकडे. असे हजारो बाण काढले असतील. त्यातल्या एकाही बाणाच्या मागे मी गेलो नाही. समुद्र पाहिला तो गिरगाव चौपाटीवर, दोनदा, दोन्ही वेळा खात्याच्या प्रशिक्षणाला गेलो असताना, बुटातून वाळू काढत.

आमच्या गावात समुद्राची एकच खूण आहे आणि तिच्यापुढून मी रोज जातो. झिरो माईलचा खांब. चार घोडे, मधला दगड, आणि त्यावर जबलपूर, रायपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतुल अशा गावांची अंतरं. सगळी कोरडी गावं. पण त्याच खांबाची उंचीही नोंदलेली आहे: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. लोक देशाच्या मध्यबिंदूचा फोटो काढतात आणि जातात. मी त्या दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपाशी अडकतो. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. जो समुद्र या चौकातल्या शंभरातल्या नव्वदांनी पाहिला नसेल, त्याच्यापासून आपण किती उंच आहोत हे केसाच्या जाडीपर्यंत ठाऊक असावं! त्या काळच्या सर्वेक्षणाने सरासरी समुद्रपातळी ठरवण्यासाठी कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टण, मद्रास, विशाखापट्टण आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणच्या भरती-ओहोट्या धरल्या होत्या, आणि तिथून खुंटीखुंटीने पातळी आत आत आणली होती. नऊ बंदरांवरचं पाणी वर्षानुवर्षं वरखाली झालं त्यातून या उंच्या निघाल्या. ओडिशाचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तर निळ्या रेघा. नागपूरहून निघालं की वर्धा नदी लागते. मग आर्णीला अरुणावती, उमरखेडच्या पुढे पैनगंगा. नांदेडला गोदावरी. लातूरकडे मांजरा. सोलापूर सोडून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलं की आधी सीना, मग भीमा. सांगोल्याकडे माण. मिरजेच्या पुढे अंकलीच्या पुलावर कृष्णा, कोल्हापूरच्या वेशीवर पंचगंगा. आम्ही चार दिवस नैर्ऋत्येला जाणार, समुद्राकडे तोंड करून. आणि वाटेत भेटणारी एकूण एक नदी पूर्वेला जाणार, बंगालच्या उपसागराकडे. एकही आमच्या बाजूने नाही. हे कळायला नवं काही लागत नाही, चौथीच्या भूगोलात आहे. पण पेन्सिलीच्या रेघेवर प्रत्येक पुलापाशी बाण काढत गेलो तेव्हा सगळे बाण एकाच दिशेने, आमच्या उलट. यात्रेहून परतणारी गर्दी आणि आपण एकटेच देवळाकडे निघालेलो, तसं वाटलं.

दोस्ताला हे दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मंग आपण पश्चिमेला काऊन जाऊन राहिलो बे? पाण्यासंगं पूर्वेला जाऊ ना. उतारच उतार."

गंमत म्हणजे त्याचं चूक नव्हतं. सरळ रेघ मारली तर नागपूरला पूर्वेचा समुद्र पश्चिमेच्या समुद्रापेक्षा जवळ आहे. काकीनाडा पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई सातशेच्या घरात. आपण मराठी बोलतो म्हणून आपला समुद्र मुंबईचा धरतो. पाण्याला भाषा नसते, ते उताराने जातं. आमच्या नाग नदीचं पाणी, आता त्याला पाणी म्हणायचं तर, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत आंध्रातच पोचतं.

पण मला बाण जिथे सुरू होतात तिथे जायचं होतं. शेवटं कागदावर खूप काढली.

म्हणून घाट निवडताना वेळ गेला. देशावरून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ: कराडहून कुंभार्ली, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा आंबा घाट, गगनबावड्याहून फुटणारे करूळ आणि भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा. दोस्ताला आंबा घाट हवा होता, रस्ता मोठा म्हणून. मी आंबोलीवर अडून राहिलो ते हिरण्यकेशीसाठी. आंबोलीत एका गुहेतून ही नदी निघते. तिथून वेंगुर्ल्याचा समुद्र सरळ रेघेत पन्नास किलोमीटरही नाही. आणि ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते, आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा जाते थेट दुसऱ्या समुद्राला. दाराशी असलेलं गाव सोडून देशाच्या पलीकडे सासर केलं म्हणायचं. तिच्या उगमाशी एक ओंजळ पाणी प्यायचं आणि पन्नास पावलांवरून दुसऱ्या उताराला लागायचं, एवढाच माझा कार्यक्रम. बाकी बारा दिवस दोस्ताने ठरवले तरी चालतील असं मी त्याला सांगितलं. तो मोठेपणा दोन दिवस टिकला.

आरेखकाच्या सवयीने मी रस्त्याचा उभा छेदही काढला. नागपूर ३१० मीटर, आंबोली ६९० च्या आसपास. म्हणजे नऊशे-साडेनऊशे किलोमीटरमध्ये आम्ही चढणार फक्त ३८० मीटर, तेही मध्ये खालीवर होत, कळणारही नाही. आणि त्याहून जास्त उंची आंबोली ते सावंतवाडी या तीसेक किलोमीटरमध्ये घालवणार. कागदावर तो छेद एखाद्या टेबलासारखा दिसतो. लांबलचक सपाटी आणि शेवटी कड.

कड उतरायची सवय आम्हा दोघांनाही नाही. नागपूरकराचा घाट म्हणजे रामटेकच्या गडाचं वळण. म्हणून ऑक्टोबरात सरावासाठी चिखलदऱ्याला जाऊन आलो. तिकडे जातानाही मी पाणी पाहत होतो. अमरावतीच्या अलीकडे कुठेतरी, एका अशा ठिकाणी जिथे पाटीही नाही आणि चढही जाणवत नाही, पाण्याचा पक्ष बदलतो. तिवशाकडचा पाऊस वर्धेला, म्हणजे पूर्वेला. अमरावतीचा पाऊस पेढी, पूर्णा, तापी करत सुरतेपाशी पश्चिमेच्या समुद्राला. एखाद्या कपाशीच्या शेतात उत्तरेकडच्या सरीचं पाणी एका समुद्रात आणि दक्षिणेकडच्या सरीचं दुसऱ्या समुद्रात जात असेल, आणि शेतकऱ्याला त्याची खबरही नसेल. सह्याद्रीत हेच भांडण केवढ्या थाटात चालतं, कडे, धबधबे, धुकं! आपल्याकडे ते बांधावर, आवाज न करता.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना माझी अब्रू गेली. मी मागचा ब्रेक पाय न उचलता दाबून धरला होता. पाचव्या-सहाव्या वळणावर जळका वास आला, मला वाटलं जंगलात कोणी काही पेटवलं. मग पाय दाबला तर ब्रेक नुसता आत गेला. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी कडेला घेतली. मागचा ड्रम हात लावू देईना. तिथे चहाची टपरी होती हे नशीब. टपरीवाल्याने चहा दिला, ड्रमकडे पाहिलं, आणि विचारलं, "चढताना कोन्या गिअरवर होते भाऊ?"

"दुसऱ्या."

"मंग उतराचं बी दुसऱ्याच. बिरेक म्हन्जे मीठ हाये, भाजी नाही."

तीस वर्षं मी कागदावर उतार काढले. एकास शंभर, एकास पन्नास, एकास वीस. त्या उतारावर माणूस काय करतो ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. अर्धा तास थंड होऊ दिल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलेटर सोडून, इंजिनाच्या घरघरीवर सोपवून उतरलो. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, टिचकीभर. दोस्त खाली माझी वाट पाहत होता आणि त्या वासावरून त्याने मला गाव संपेपर्यंत चिडवलं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम मला पुस्तकात ठाऊक होता. तोही तिथेच समजला, समोरून एसटी आल्यावर.

पण सांगायचं होतं ते दुसरंच. चिखलदऱ्याला गेलो की गाविलगड आलाच. झाडीत बुडालेला प्रचंड किल्ला, दरवाजावर शिल्पं, आत तळी. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्याआधी पंधरवडाभर, २९ नोव्हेंबरला, आडगावची लढाई भोसल्यांनी हरली होती. गाविलगड पडल्यावर दोन दिवसांत, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि त्या तहात कटक प्रांत बालासोरसकट गेला. १७५१ पासून ओडिशा नागपूरकरांकडे होतं. जगन्नाथपुरी, चिलका, महानदीचं मुख, सगळं. बावन्न वर्षं नागपूरला समुद्र होता. राजधानी महालात, शुक्रवारी तलावापाशी, आणि राज्याच्या पूर्वेच्या कडेला लाटा.

किल्ल्याच्या तटावर बसून मी हे दोस्ताला सांगितलं. तो शेंगा सोलत होता. "म्हन्जे आपला समुद्र इथं गेला," तो म्हणाला, आणि एक टरफल दरीत टाकलं.

घरी आल्यावर आईलाही सांगितलं, कारण ती पुरीला जाऊन आलेली आहे, चाळीसेक वर्षांपूर्वी, यात्रेच्या बसने. घरात समुद्रात पाय बुडवून बसलेली तेव्हा ती एकटीच. ती म्हणाली, "मले नाही वाटला कोनाचा म्हून. लय मोठा होता तो." नंतर थोड्या वेळाने स्वतःशीच, "उजव्या हाताले होता. बसमधून." चाळीस वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं. तिचा त्या संध्याकाळचा प्रश्न कुठून आला हे मला तेव्हा लागलं.

आता तारखा. पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या मध्याला निघून जातो, पण त्यानंतरचे काही आठवडे तिथे उन्हाळ्यासारखे तापतात असं सगळे सांगतात. म्हणून डिसेंबर धरला. डिसेंबरातला कोणता आठवडा, ते मात्र पंचांगाने ठरवलं.

आमच्या खात्यात पूर्वी एक साहेब होते, मूळचे गुहागरकडचे. बारा वर्षं विदर्भात काढली, पण इथल्या उन्हाशी त्यांचं कधी जमलं नाही. निवृत्त होऊन गावी गेलेत. त्यांना फोन केला. मी हॉटेलं विचारणार होतो. त्यांनी मला तिथी विचारली.

"कोणत्या तिथीला येताय?"

"साहेब, तारीख पाच-सहा डिसेंबरच्या..."

"तारखेचं काय करायचंय समुद्राला? घरात कालनिर्णय आहे ना? काढा. तिथीला पाऊणने गुणा. येईल ती वेळ भरतीची."

मी कागद ओढला. अष्टमी: आठ पाऊण सहा. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी, पूर्ण भरती. पौर्णिमा: पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री भरती, आणि मध्ये सहा-सव्वासहा तासांनी, सूर्य बुडायच्या वेळेला, ओहोटी. रोज पाऊण तास पुढे. वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक. एवढंच. नऊ बंदरांवर माणसं बसवून सरकारने जे मोजलं, ते कोकणातली आजी पाऊणच्या पाढ्यावर चालवते. आणि हा पाऊणकीचा पाढा मला मास्तरांनी छडीने पाठ करून घेतला होता, नागपुरात, समुद्राच्या पत्त्यावर नसलेल्या शाळेत! पन्नास वर्षांनी त्याचं गिऱ्हाईक सापडलं.

"मग पौर्णिमेच्या आसपास या," साहेब म्हणाले. "संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं. ओल्या वाळूवर चाला हवं तेवढं. अष्टमीला आलात तर धक्क्यावर बसून पाहावं लागेल. आणि जंगलजेटीत गाडी चढवताना पाणी उतरलेलं असेल तर उतारावर शेवाळ असतं. पाय टेकत चढवा. शहाणपणा करू नका."

जंगलजेटी म्हणजे फेरीबोट. गाड्या, माणसं, कोंबड्या, सिलिंडर सगळं एकदम पलीकडे नेते. किनाऱ्याने वर जायचं तर खाड्या आडव्या येतात. भूगोलात ७२० किलोमीटरचा किनारा शिकलो तो सरळ वाटला होता. नकाशात पाहिलं तर फणीच्या दातांसारखा. वळसा घालून पूल गाठायचा, नाहीतर जेटी. आमच्या वाटेवर तीन आहेत: जयगड ते तवसाळ शास्त्री नदीची खाडी, धोपावे ते दाभोळ वाशिष्ठीची, वेश्वी ते बागमांडला सावित्रीची. खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. ते झाले की दोन मिनिटांत पलीकडे. म्हणून दोस्ताला आत्ताच जायचं आहे. या बाबतीत त्याचं माझं पटलं.

वाशिष्ठीच्या जेटीवर मी तासभर थांबणार आहे आणि ते दोस्ताला अजून सांगितलेलं नाही. कारण असं: कोयना ही कृष्णेची पोरगी, पूर्वेला जाणारी. पण कोयनेच्या धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला सोडतात, त्या उडीवर वीज करतात, चारही टप्पे मिळून १९२० मेगावॉट, आणि वापरलेलं पाणी चिपळूणकडे वाशिष्ठीत सोडून देतात. म्हणजे दाभोळच्या खाडीत जेटी ज्या पाण्यावर तरंगेल, त्यातलं कितीतरी आंध्रातून बंगालच्या उपसागरात जायचं होतं. परतताना ताम्हिणीच्या घाटाने पुण्याकडे चढणार आहोत, तिथेही मुळशीच्या तलावाचं तेच आहे. मुळेचं पाणी भिऱ्याला खाली सोडलं जातं. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातलेच. जमिनी गेल्या त्या मावळ्यांच्या, वीज गेली मुंबईला, पाणी गेलं कोकणात. मी या खात्याचं मीठ खाल्लं आहे, त्यामुळे धरणांविषयी तावातावाने बोलायचा मला अधिकार नाही. पण बाण उलटा फिरवणं कागदावर किती सोपं असतं हे मला माहीत आहे. खोडरबर आणि एक मिनिट.

तर पंचांग. मार्गशीर्षातली दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा, सहाव्या दिवशी आली पाहिजे. त्यावरून मागे मोजलं तर निघायचं शुद्ध दशमीला. पहिला मुक्काम नांदेड, गुरुद्वाऱ्यात. दुसरा सोलापूर, तिसरा कोल्हापूर, चौथा वेंगुर्ला. रोजचे तीनशे-साडेतीनशेच्या वर किलोमीटर नाहीत. दोस्ताला पाचशे हवे होते. त्याच्या बुलेटला ते जमतात, त्याच्या कमरेला नाही. हे मी म्हणालो नाही, त्याच्या बायकोने म्हटलं.

गाडी सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकडे आठ दिवस होती. माझी पल्सर अकरा वर्षांची. चेन-स्प्रॉकेट नवं, दोन्ही ब्रेक शू, क्लच केबल, प्लग, ऑइल. जुनी क्लच केबल त्याने टाकू दिली नाही. नव्या केबलीच्या बाजूनेच टेपने बांधून दिली. "रस्त्यात तुटली तं शोधत बसान का? हे टोक काढा, ते टोक लावा, चला." पैसे देताना मी विचारलं, गाडी जाईल ना एवढी. तो हात पुसत म्हणाला, "गाडी तं जाते हो. तुम्ही पाहा."

सामानाचं घरी वाजलं. साहेबांकडे संत्री न्यायची हे नक्की. आंब्या बहाराची चांगली आलीत. मी दहा किलो म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, समुद्र पाहाले चालले का गुजरीत दुकान लावाले?" पाचवर तोडलं. अडीच डाव्या सॅडलबॅगेत, अडीच उजव्या, नाहीतर गाडी ओढते. त्यावर रेनकोट, कारण आंबोलीचा भरवसा नाही. मग हवेचा पंप, पंक्चरचं सामान, लायसन, इन्शुरन्स, पीयूसी. आणि नकाशाची ती शीट, पेन्सिलीच्या बाणांसकट. दोस्त म्हणतो, मोबाईल असताना कागद काऊन? मोबाईलमध्ये रस्ता निळा दाखवतात, हे माझं त्याला उत्तर. मला ते सहन होत नाही.

परवा निघायचं. आज रात्री आईने हाक मारली. हिवाळ्यात गाडीवर बसायचं तर दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वर टोपी, वर हेल्मेट, ही तिची शिस्त मी लुना चालवायचो तेव्हापासूनची आहे. आता माझे केस पांढरे झाले, बोळे तेच. वातींच्याच कापसातले, नीट गोल वळलेले, तिने पिशवीत भरून दिले. तेरा दिवसांचे.

सवयीने मी मोजले. वीस भरले.

"आई, सव्वीस पायजे ना? वीसच हायेत."

"बरोबर हायेत," ती म्हणाली. "समुद्राचे सहा दिवस डाव्या कानाचे नाही देल्ले."